पट्ट्याच्या वर, बरगडीच्या खाली

गाडी शिकवणाऱ्या लोकांची एक गादी असते. रबराची, गोल, मध्ये भोक असलेली. दिवसभर एकाच सीटवर बसून मूळव्याध होते, म्हणून ती बुडाखाली घ्यायची. माझी ताई ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची तिथे प्रत्येक गाडीत अशी एक गादी होती आणि ऑफिसच्या कपाटात, चाव्यांच्या हुकांखाली, मलमाची ट्यूब. ट्यूब सगळ्यांची मिळून एक. जो शेवटचं पिळेल त्याने नवी आणायची, असा नियम.

तिथे रक्त पडलं म्हणून कोणी घाबरायचं नाही. उलट नव्या मास्तराला पहिल्यांदा रक्त पडलं की जुने मास्तर त्याच्या पाठीवर थाप मारायचे. "झालास बाबा कायम!" सगळ्यांना तेच दुखणं, मग ताईलाही तेच असणार, त्यात विचारायचं काय? ताईला रक्त पडू लागलं तेव्हा तिने जरा जाड गादी घेतली, मलम लावलं आणि पुढचा विद्यार्थी गाडीत बसवला. संडासला जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटतं, वजन उतरतंय, कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलंय, यातलं काहीही तिने कोणाला सांगितलं नाही. वर्षभर! पुढे एकदा राग अनावर होऊन मी ती गादी कात्रीने कापली आणि कचऱ्यात टाकली. ताई म्हणाली, "अगं, ती स्कूलची होती."

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवला, एक बोट आत घालून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. गाठ बोटालाच लागत होती. एका बोटाचं काम, आणि त्याला वर्ष लागलं. गुडघा दुखला की आपण चारचौघांत चोळत बसतो, पण गुदद्वार म्हटलं की घरातली माणसं टीव्हीचा आवाज वाढवतात. मला या सभ्यपणाची चीड येते. या सभ्यपणाने माझ्या बहिणीचं एक अख्खं वर्ष खाल्लं.

गुदाशयाचा कॅन्सर होता. गुदाशय म्हणजे आतड्याचा शेवटचा वीतभर भाग, आणि ताईची गाठ त्याच्याही अगदी खालच्या टोकाला, ज्या स्नायूंच्या जोरावर माणूस शी धरून ठेवतो त्यांना जवळजवळ टेकलेली. पुढे जे काही झालं ते या एवढ्याशा जागेवरून झालं.

ताईला तिचे विद्यार्थी तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक असतो, एक क्लच असतो, पण स्टिअरिंग एकच, शिकणाऱ्याचं. विद्यार्थी घाबरला की बहुतेक मास्तर बाजूने हात घालून स्टिअरिंग धरतात. ताईने ते कधीच केलं नाही. समोर भिंत येवो, कचरापेटी येवो, ती मांडीवर हात ठेवून बसायची, वेळ आली की करकचून ब्रेक मारायची आणि गाडी थांबली की शांतपणे म्हणायची, "आता तूच वळव." मी तिच्याकडे शिकले तेव्हा मला वाटायचं, ही बाई माझा जीव घेणार. कारण विचारलं तर म्हणाली, "मी धरलं की शिकणारा सोडतो. आणि एकदा सोडलं की परत हातात घ्यायला घाबरतो."

आमचा दादाही तिच्याकडे शिकायला गेला होता आणि आठवडाभरात दुसऱ्या स्कूलमध्ये निघून गेला. तिथे मास्तर त्याला सगळं करून द्यायचा. दादा त्याच्या इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पाण्याच्या टाकीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत सगळ्यांच्या वतीने बोलायची त्याला इतकी सवय आहे की घरात कोणाला तहान लागली तरी तोच सांगतो. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, अगदी उलटे. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना "हे अक्षर वाचा, आता हे वाचा" एवढंच बोलतात आणि घरी येऊन तेवढंही बोलत नाहीत. त्यांना गाडी येत नाही. ताईसोबत बाहेर पडले की ते मागच्या सीटवर बसतात.

आधी रेडिएशन आणि त्यासोबत केमोच्या गोळ्या, मग सलाइनमधून केमो, आणि मग पुन्हा तपासून पुढचं ठरवायचं, असं हॉस्पिटलने सांगितलं. रेडिएशनला तिथले सगळे पेशंट शेक म्हणतात. शेकाने खालची कातडी इतकी सोलवटली की ताई जेवायलाही उभी राहायची. सलाइन सुरू झाल्यावर थंड वस्तूला हात लावला की बोटांना करंट बसल्यासारखं व्हायचं. गाडीचं दार उघडताना ती हातमोजे घालायची. हो, गाडीचं दार. दोन सलाइनच्या मध्ये अंगात जरा बळ आलं की ही शिकवायला हजर. मी ओरडले तर म्हणाली, "घरी बसून काय करू? भावजी तुझे मला अक्षरं वाचून दाखवतील?"

या सगळ्या काळात तिला एकच आशा होती. कधीकधी शेक आणि केमोनेच गाठ पूर्ण विरघळते, पुन्हा बोटाला लागत नाही, दुर्बिणीत आणि एमआरआयमध्ये दिसत नाही. तसं झालं तर काही जणांचं ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवतात. दर काही महिन्यांनी तपासायचं, आणि परत उगवली तर तेव्हा कापायची. पण ताईची गाठ अर्ध्याहून लहान झाली आणि तिथेच हट्ट करून बसली. म्हणजे ऑपरेशन आलंच.

आता ज्या दिवसाने माझी तळपायाची आग मस्तकात नेली, तो सांगते. सर्जनच्या खोलीचं दार उघडलं, आतून विचारणा झाली, "घरचे कोण आहेत?" दादा आणि भावजी उठून आत गेले. ताई बाकावर बसून राहिली. मी तिच्या शेजारी, मांडीवर रिपोर्ट आणि पाण्याची बाटली. जिच्या पोटात सुरी जाणार ती बाहेर आणि घरचे आत! आणि आम्ही दोघी बसून राहिलो, कारण असंच असतं. आजवर प्रत्येक आजारपणात असंच होत आलं होतं. आजारी माणसाला बाहेर बसवायचं आणि त्याचा आजार दुसऱ्यांना सांगायचा.

बाहेर येऊन दादा तोंडभर हसला. "काही काळजी करू नकोस. छोटं ऑपरेशन आहे. सगळं पहिल्यासारखं होणार." भावजी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाइप होता.

मी दादाला जिन्यात गाठलं. "खरं काय ते बोल."

"अगं, दोन मार्ग होते. एक म्हणजे सगळंच काढायचं, खालचं दार शिवून टाकायचं आणि शीसाठी पोटावर कायमची पिशवी. दुसरा म्हणजे गाठ काढून आतडं खाली आणून जोडायचं. मी सांगितलं, पिशवी नको म्हणजे नकोच. जोडूनच द्या."

"ताईला विचारलंस?"

"तिला कशाला विचारायचं? घाबरेल ती. बाईमाणूस, पोटाला पिशवी लावून चारचौघांत फिरणार? वास येईल, आवाज येतील. लोक काय म्हणतील?"

"आणि भावजी काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार? मी बोललो ना सगळ्यांच्या वतीने."

त्या जिन्यात मी दादाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, हळू बोल, हॉस्पिटल आहे. मी म्हटलं, हो, मला दिसतंय.

खाली पार्किंगमध्ये ताई तिच्या गाडीत बसली होती. ती मास्तरच्या सीटवर, कारण गाडी मी चालवणार होते. दादा आणि भावजी औषधं घ्यायला थांबले होते. मी दार आपटून आत बसले आणि तिला सगळं सांगून टाकलं. सांगताना मीच रडत होते, शिव्या देत होते, स्टिअरिंगवर हात आपटत होते. हॉर्न वाजला. पहारेकरी बघायला आला.

ताई माझं सगळं ऐकून म्हणाली, "तू कशाला एवढी लाल होतेस? पोट माझं आहे." आणि मग, अगदी हळू, "मला बाहेर बसवलं होतं, नाही का?" तिचा पाय समोरच्या ब्रेकवर होता. बंद गाडीचा ब्रेक ती पार तळापर्यंत दाबून बसली होती. माझ्या बहिणीला मी इतकं चिडलेलं आधी कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच सर्जनकडे गेलो. "घरचे कोण?" असं पुन्हा आतून आलं. ताई आत शिरली आणि म्हणाली, "मीच. मी माझ्याच घरची आहे."

सर्जन वाईट माणूस नव्हता, हे कबूल करायला मला जड जातं. त्याने कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि नीट समजावलं. जोडणी केली तर तात्पुरती पिशवी लागतेच, जोड भरून येईपर्यंत काही महिने. मग ती बंद करायची. पण शी साठवणारी जागाच गेलेली असते, त्यात जोड इतका खाली आणि स्नायूंना शेक बसलेला. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागू शकतं, एकदा जाऊन आलं की पुन्हा लगेच, आणि आली की आली, थांबवता येईलच असं नाही. काळाने सुधारतं, काहींचं बरंच सुधारतं, काहींचं फारसं नाही. कायमची पिशवी घेतली तर हे सगळं टळतं, पण ती जन्मभर पोटावर राहते, आणि खालची जखम भरायला वेळ लागतो. गाठ तर दोन्हीकडे निघेल असं त्याला वाटत होतं, जोडणीत मात्र गाठीभोवती काढायची निरोगी कड अगदी निसटती.

ताईने एकच प्रश्न विचारला. "मी सकाळी गाडीत बसते ती तीन-तीन तास उतरत नाही. शेजारी शिकाऊ पोरगी, मागे ट्रॅफिक, रस्त्यात संडास नाही. यातलं काय केलं तर मी माझ्या सीटवर बसू शकेन?"

सर्जनने पेन खाली ठेवलं. "जोडणीने बसता येईल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पिशवीने बहुधा येईल. पण तुमच्या घरच्यांनी सांगितलं होतं की तुम्हाला पिशवी अजिबात चालणार नाही."

"मला विचारलं होतं कोणी?"

तो मग म्हणाला, "नाही. मी तुम्हाला आत बोलवायला हवं होतं." एवढं तरी बोलला. माझं समाधान झालं नाही, पण ताईचं झालं.

"मग पिशवी," ती म्हणाली, इतक्या सहज, जणू दुकानात दोन रंगांमधला एक सांगत होती. बाहेर आल्यावर मात्र ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. मी दाराबाहेर उभी होते. आत गेले नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि म्हणाली, "दादाला इतक्यात सांगू नकोस. रोज बैठक बोलवेल."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी वॉर्डात एक नर्स आली. पिशवी कुठे येणार ती जागा पोटावर आधीच खूण करून ठेवतात, ते तिचं काम. आडवं झोपवून बघते, उभं करून बघते, बसवून बघते, कुठे घडी पडते, पँटचा पट्टा कुठे येतो. तिने बेंबीच्या खाली डावीकडे पेनने गोल केला. ताई पलंगावर बसली, वाकली, पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे चालायचं नाही. हे सीटबेल्टच्या खाली येतं. मी दिवसभर बेल्टमध्ये असते हो. पिशवी भरली की पट्टा तिच्यावर दाबणार."

नर्स म्हणाली, "बेल्ट नेमका कुठे येतो?"

"इथे सांगून कळणार नाही. गाडी खालीच आहे."

मला वाटलं, नर्स आता झापणार. ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "चला पटकन. मोठ्या सिस्टरांना दिसलो तर माझी काही धडगत नाही." हॉस्पिटलच्या कपड्यात, पायात सपाता, वरून माझं जॅकेट, अशी ताई लिफ्टने खाली उतरली. मास्तरच्या सीटवर बसली, पट्टा लावला, दोन्ही पाय ब्रेक आणि क्लचवर ठेवले. नर्स दारात उकिडवी बसली आणि शर्ट वर करून बघू लागली. "बरोबर पट्ट्यात येतंय. वर घेऊ. पण फार वर नको, बरगडीला लागेल."

तेवढ्यात दादाची हाक ऐकू आली. दादा आणि भावजी वर गेले होते, पलंग रिकामा पाहून सगळं हॉस्पिटल पालथं घालून दोघं धापा टाकत आले होते. दादा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून थेट आतच बसला.

"काय चाललंय हे? पोटावर काय काढतेय ही?"

"पिशवीची जागा," ताई म्हणाली. "कायमची. मी सांगितलंय तसं."

"तू सांगितलंस? कोणाला विचारून? आपलं ठरलं होतं ना!" दादाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. "अगं, आयुष्यभर! मी आत्ता डॉक्टरांशी बोलतो. मी सगळ्यांच्या वतीने—"

"दादा, उतर."

"मी म्हणतो—"

"उतर त्या सीटवरून." हा आवाज मला माहीत होता. भिंत हातभर उरली की यायचा तो. "तुमच्या जोडणीने मला घरात संडासाजवळ बसवलं असतं जन्मभर. आणि तू येऊन विचारलं असतंस, बरी आहेस ना? वास माझा, पोट माझं, लाज वाटली तर तीही माझीच. तुला कोणी सेक्रेटरी केलं माझ्या पोटाचं?"

दादा उतरला. नर्स पेन हातात धरून खाली बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. ताईने पट्टा सोडला, शर्ट खाली केला, गाडीला वळसा घालून आली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. दुसरा पट्टा लावला. "सिस्टर, इकडूनही बघा. मी दोन्ही सीटवर बसते."

नर्सने बघितलं. पट्ट्याच्या वर, बरगडीच्या खाली, चार बोटांची मोकळी जागा होती. तिथे तिने जाड काळा गोल केला आणि आत फुली मारली.

भावजी इतका वेळ मागच्या चाकाशी उभे होते. ते पुढे आले, खिडकीत वाकले आणि त्या गोलाकडे चष्मा सरकवून बघू लागले. "मला वाटलं, तुला सोसणार नाही," ते म्हणाले. "म्हणून मी काही बोललो नाही."

"तेच तर. तुम्ही काही बोललाच नाहीत." ताईचा आवाज फाटला. "त्याने माझं ठरवलं आणि तुम्ही पाइप बघत उभे राहिलात. त्याचा मला राग नाही, तो तसाच आहे. तुमचा आहे." भावजींनी मान खाली घातली. मलाही वाटलं होतं की सगळा दोष दादाचा. नव्हता.

"मी काय करू आता?" त्यांनी विचारलं.

"पिशवी माझी मी बदलीन. पण ऑपरेशननंतर काही महिने मला चालवता येणार नाही. तुम्ही गाडी शिका."

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आल्या. खालची जखम चिघळली, ती भरायला फार दिवस लागले आणि ते दिवस वाईट होते. पुढची काही वर्षं तपासण्या चालूच राहणार आहेत. दादा फळं घेऊन येतो आणि पोट सोडून इतर सगळ्या विषयांवर बोलतो. माझं त्याच्याशी अजून धड बोलणं नाही. ताई म्हणते, सोड आता. मी नाही सोडणार.

भावजी शिकले. म्हणजे शिकत आहेत. मागच्या रविवारी मी मागच्या सीटवर होते, त्यांच्या जुन्या जागेवर. ताई मास्तरच्या सीटवर, मांडीवर हात, पाय ब्रेकवर, पट्टा नेमका त्या गोलाच्या खालून गेलेला. चढावर सिग्नलला गाडी थांबली आणि त्या शांततेत ताईच्या पोटावरून एक लांबलचक, स्पष्ट आवाज आला. भावजींनी दचकून तिच्याकडे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, भावजींचा क्लच सुटला, गाडी मागे घसरू लागली आणि त्यांनी घाबरून दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले.

ताईने ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. मागून शिव्या ऐकू येत होत्या. तिने स्टिअरिंगला हात लावला नाही.

"माझ्या पोटाकडे काय बघताय?" ती म्हणाली. "समोर बघा. आणि धरा ते."